पंप गेला म्हणण्याआधी: टर्बो गाडीच्या फ्युएल पंपाच्या तपासणीच्या नोंदी

४ ऑक्टोबर

गाडी २.० लिटरची, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल. इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये आहेत, रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीच्या) टोकाला प्रेशर रेग्युलेटर, आणि तिथून उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने परत टाकीत जातं. मूळ बूस्ट (टर्बोने वाढवलेलं हवेचं प्रेशर) ०.८ बार, ताकद साधारण २२० हॉर्सपॉवर. टाकीतला पंप आधीच्या मालकाच्या काळात बदललेला आहे, त्याचं मॉडेल बिलावर लिहिलेलं सापडलं. त्या मॉडेलच्या तक्त्यानुसार १३.५ व्होल्टला आणि ३ बारला तो तासाला १३० लिटर देतो.

तक्रार अशी: आयडल शांत, हळू चालवताना काही जाणवत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ४००० आरपीएमपर्यंत गाडी छान ओढते, त्यानंतर गचके खाते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतो. गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा उत्तर लगेच मिळालं, पंप गेला, बदला. तसं असेलही, पण तिथे कोणी प्रेशर गेज लावलं नव्हतं. म्हणून ही तपासणी स्वतः करायची ठरवली, आणि ज्यांच्या गाडीला असंच होतंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून आकडे इथे लिहून ठेवतो.

स्कॅनर लावला. एकही कोड नाही. लाँग टर्म ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) आयडलला +२ टक्के, स्थिर वेगाला +३. इथेच बरेच जण फसतात. ट्रिम ठीक म्हणजे पेट्रोल ठीक, असं रिटर्न लाइनच्या गाडीत धरता येत नाही. पंप नेहमी इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि जादा पेट्रोल रेग्युलेटर परत सोडतो. पंपाची क्षमता निम्म्यावर आली तरी रिटर्नमध्ये थोडंफार पेट्रोल वाहतंय तोवर रेलचं प्रेशर जागचं हलत नाही. ज्या क्षणी रिटर्न कोरडी पडते त्या क्षणी प्रेशर कोसळतं, आणि तो क्षण येतो फक्त पूर्ण बूस्टमध्ये. तेव्हा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून दुरुस्ती करत नसतो, म्हणून ट्रिममध्येही काही उमटत नाही.

वाइडबँड सेन्सर (एग्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) आधीपासून बसवलेला आहे. त्याचा लॉग: बूस्टमध्ये लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे बरोबर जुळलेलं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८२ असायला हवा, तो ४००० नंतर चढत चढत ०.९८ वर जातो. आता एक सावधगिरी. प्लगमध्ये ठिणगी पडली नाही तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्यासारखं दिसतं. म्हणजे दोष कॉइलचा आणि संशय पंपावर, असं सहज होऊ शकतं. लॉगमध्ये क्रम पाहिला: लॅम्ब्डा आधी चढतो, गचका त्यानंतर येतो. तरी खात्री म्हणून नवे प्लग ०.७ मिमी गॅपवर बसवले. फरक शून्य. इग्निशन बाजूला ठेवलं.

आजपासून ही गाडी बूस्टमध्ये न्यायची नाही, फक्त मोजणीपुरती आणि तीही दोन-तीन सेकंद. भाराखाली मिश्रण लीन झालं की ज्वलनकक्षाचं तापमान चढतं, डिटोनेशन (मिश्रणाचं अवेळी, स्फोटासारखं जळणं) सुरू होतं, आणि पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटायला किंवा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. पंपाच्या दुखण्यात खरा धोका हा आहे. पंप बदलता येतो, पण एक पिस्टन गेला की सगळं इंजिन उघडावं लागतं.

५ ऑक्टोबर

गेज लावलं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केलं आणि आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. फिल्टरच्या पुढे आणि रेलच्या आधी टी-जोड टाकून त्यावर गेज. जोडाखाली फडकं, शेजारी ड्राय पावडरचा अग्निशामक, गाडी मोकळ्या हवेत. हे प्रत्येक वेळी.

पहिलं गेज साधं होतं. इंजेक्टरच्या ठोक्यांनी काटा इतका थरथरत होता की ०.२ बार इकडेतिकडे कळेना. ग्लिसरीन भरलेलं गेज आणल्यावर वाचन स्थिर झालं. घ्यायचंच असेल तर सुरुवातीलाच ते घ्या.

आकडे: आयडलला, रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप (इनटेककडून येणारी बारीक नळी) जोडलेला असताना २.४ बार. पाइप काढल्यावर ३.० बार. अगदी हवेत तसे. बहुतेक तपासण्या इथे थांबतात आणि पंप चांगला असल्याचं सांगून गाडी परत मिळते. पण या दोन आकड्यांवरून एवढंच कळतं की आयडलला लागणारं चिमूटभर पेट्रोल पंप देऊ शकतो.

इंजिन बंद केल्यावर मात्र काटा झपाट्याने खाली आला, साधारण १ बारपर्यंत, आणि मग तिथून हळूहळू उतरत राहिला. सकाळच्या लांबलेल्या स्टार्टचं कारण हेच. प्रेशर कुठून जातंय हे शोधायला तीनच जागा: इंजेक्टर, रेग्युलेटर, टाकीकडची बाजू. पुन्हा प्रेशर भरून इंजिन बंद करताच रिटर्नचा रबरी पाइप चिमट्याने दाबला, तरी उतरलं. मग तसंच टाकीकडून येणारा फीडचा पाइप दाबला, तेव्हा काटा जागीच थांबला. म्हणजे रेल आणि रेग्युलेटर निर्दोष, गळती टाकीकडे.

टाकीकडे म्हणजे पंपाच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलट फिरू न देणारी झडप), असा सरळ अर्थ लावला जातो, आणि तो पंपाचाच भाग असल्याने पंप बदला हा सल्लाही त्यातूनच येतो. पण चेक व्हॉल्व्ह आणि टाकीच्या झाकणामध्ये (पंप ज्यातून आत बसवतात ते, पेट्रोल भरायचं नव्हे) आणखी एक गोष्ट असते. ती पुढच्या नोंदींत येईलच.

(चिमटा फक्त रबरी पाइपवर, तोही गुळगुळीत जबड्याचा. नायलॉनचा पाइप दाबला तर तो कायमचा जातो.)

११ ऑक्टोबर

गेज लांब पाइपवर घेऊन काचेबाहेर, वायपरखाली पट्टीने बांधलं. पेट्रोलची लाइन केबिनमध्ये आणू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. पाइप सटकला तर प्रेशरखालचं पेट्रोल थेट अंगावर येतं. गाडी दुसऱ्याने चालवली, मी फोनवर गेज, आरपीएम आणि बूस्ट एकाच चौकटीत चित्रित केलं. रिकामा, सरळ रस्ता.

या गाडीत रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) प्रेशरशी जोडलेला आहे. बूस्ट जेवढा चढेल तेवढंच रेलचं प्रेशर चढायला हवं, कारण इंजेक्टरला महत्त्वाचा असतो तो दोन्हींमधला फरक, आणि तो कायम ३ बार राहावा लागतो. ०.८ बूस्टला गेजवर ३.८ दिसायला हवं.

दिसलं ते असं: बूस्ट येताच काटा ३.५ पर्यंत गेला, तिथून वळला, आणि ५००० आरपीएमला २.९ वर आला. म्हणजे इंजेक्टरवरचा फरक उरला २.१ बार. प्रवाह हा फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २.१ भागिले ३.० म्हणजे ०.७, त्याचं वर्गमूळ ०.८४. इंजिनाला १६ टक्के पेट्रोल कमी मिळतंय. आता ०.८२ ला ०.८४ ने भागा: ०.९८. वाइडबँडने अगदी हाच आकडा दाखवला होता. दोन वेगळ्या उपकरणांनी एकमेकांची साक्ष दिली की मोजणीवर विश्वास ठेवून पुढे जाता येतं. आता इंजेक्टर साफ करणं, एअर फ्लो मीटर बदलणं, हे सगळे खर्च यादीतून गेले.

रेग्युलेटरचा तोच व्हॅक्यूम पाइप फाटलेला असला तरी प्रेशर चढत नाही, म्हणून तोही तपासला. हातपंपाने ०.८ बार भरून ठेवला, काटा हलला नाही. रेग्युलेटरचा पडदा आणि पाइप दोन्ही ठीक.

ज्यांच्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच आहे आणि रिटर्न लाइन नाही, त्यांच्याकडे प्रेशर बूस्टबरोबर चढणार नाही, तो दोष समजू नका. आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतल्या पंपानंतर कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप असतो. स्कॅनर बहुधा त्याच्या पुढचं, शंभर बारच्या घरातलं प्रेशर दाखवतो. पी००८७ (रेलचं प्रेशर कमी) कोड आला की लोक तो महाग पंप आधी बदलतात. त्याला मागून पुरेसं पेट्रोल मिळतंय का, हे टाकीकडच्या बाजूला गेज लावून आधी पाहा.

१२ ऑक्टोबर

आज टाकीला हात लावायचा नाही, फक्त वीज. मोटर असलेल्या कुठल्याही गोष्टीला दोष देण्याआधी तिला पूर्ण व्होल्टेज मिळतंय का ते पाहायचं.

मागच्या सीटखालच्या पंपाच्या कनेक्टरवरून दोन लांब वायरी पुढे आणल्या आणि मल्टिमीटरला जोडल्या, पंपाच्या पॉझिटिव्हवर क्लॅम्प मीटर. आयडलला बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपावर १२.५, करंट ४.६ अँपिअर. पूर्ण बूस्टमध्ये बॅटरी १३.९, पंप १२.०, करंट ५.१. वाटेत १.९ व्होल्ट खाल्ले जातायत. पंपाचा वेग व्होल्टेजवर चालतो, आणि जास्त प्रेशरला तर व्होल्टेजची कमी प्रवाहाला फारच जाणवते. नव्या पंपाच्या पाकिटावरचा आकडाही १३.५ व्होल्टचा असतो, हे विसरलं जातं.

कुठे खाल्ले जातायत हे तुकड्यातुकड्याने मोजलं, पंप चालू ठेवून, मीटर व्होल्टवर, एक टोक इथे आणि एक टोक तिथे:

बॅटरी पॉझिटिव्ह ते रिलेची इनपुट, ०.२
रिलेच्या संपर्कांमध्ये, ०.७
रिले ते पंपाचा कनेक्टर, ०.२
पंपाची अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह, ०.८

रिले उघडला तर संपर्क काळवंडलेले आणि खड्डे पडलेले. अर्थिंगचा बोल्ट मागच्या सीटजवळ पत्र्यावर आहे. वरून स्वच्छ दिसत होता. सोडवल्यावर टर्मिनलखाली गंज, आणि क्रिंपमधल्या तारा हिरव्या पडलेल्या.

हीच अर्थ पंप बंद असताना ओहममीटरने मोजली तेव्हा जवळजवळ शून्यच दिसली होती. ०.८ व्होल्ट आणि ५.१ अँपिअर म्हणजे जेमतेम ०.१६ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे ओहममीटरला हा दोष दिसूच शकत नाही. करंट वाहत असतानाच व्होल्टेज ड्रॉप मोजा. दुसरी कुठलीही पद्धत इथे चालत नाही.

नवा रिले बसवला, पत्रा घासून चकचकीत केला, नवं रिंग टर्मिनल क्रिंप करून घट्ट आवळलं आणि वरून ग्रीस लावलं. आता एकूण ड्रॉप ०.५ व्होल्ट, पंपावर १३.४.

काही टर्बो गाड्यांत आयडलला पंप मुद्दाम हळू चालवतात, रोधक मध्ये घालून किंवा वेगळ्या कंट्रोलरने, आणि भार आला की पूर्ण व्होल्टेज देतात. तशा गाडीत आयडलला पंपावर ९-१० व्होल्ट दिसले तर घाबरू नका, पण बूस्टमध्ये पूर्ण व्होल्टेज येतंय का ते नक्की पाहा. रोधकाला वळसा देणारा रिले चिकटला तर लक्षणं माझ्या गाडीसारखीच दिसतात.

१३ ऑक्टोबर

रस्त्यावर पुन्हा तीच मोजणी. ५००० आरपीएमला आता २.९ ऐवजी ३.२ बार. लॅम्ब्डा ०.९२. करंट ५.४.

सुधारणा खरी आहे, पण पुरेशी नाही. गचके जवळजवळ थांबले आणि गाडी चांगली ओढते, म्हणून इथे काम संपलं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण पूर्ण बूस्टमध्ये ०.९२ लॅम्ब्डावर मी ही गाडी चालवणार नाही. गचका थांबला म्हणजे धोका टळला असं नाही. उलट आता इशारा देणारं लक्षणच गेलं. गेजवर ३.८ दिसेपर्यंत काम चालू.

१८ ऑक्टोबर

प्रत्येक बदलानंतर रस्त्यावर बूस्ट देऊन पाहणं इंजिनाला परवडणारं नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून बूस्टची परिस्थिती उभी केली. सगळ्या कामातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली चाचणी ही, म्हणून सविस्तर लिहितो.

रिलेच्या जागी फ्यूज असलेली जंपर वायर टाकून पंप थेट चालवला. बॅटरीला चार्जर लावून पंपावर १३.४ व्होल्ट राखले. नुसत्या बॅटरीवर केलं तर व्होल्टेज १२ च्या आसपास घसरतं आणि सगळी वाचनं खोटी येतात. स्विच आणि चार्जर पेट्रोलपासून लांब, ठिणगी उडू शकेल असं काहीही मापाच्या डब्याजवळ नको. रिटर्नचा पाइप रेग्युलेटरकडून सोडवून मोजमापाच्या खुणा असलेल्या, पेट्रोल चालणाऱ्या डब्यात सोडला. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम तोंडाला हातपंप. त्याने जेवढी हवा भराल तेवढा खोटा बूस्ट. इंजिन बंद असल्याने इंजेक्टर काही घेत नाहीत, पंपाचं सगळं पेट्रोल डब्यात येतं.

किती यायला हवं, याचा हिशेब आधी. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भाराला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पाउंड, म्हणजे २७० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल पितं. २२० हॉर्सपॉवरला झाले सुमारे ६० किलो, लिटरमध्ये ८१. त्यावर वीस टक्के राखीव धरले की तासाला ९७ लिटर, म्हणजे ३० सेकंदांत ८१० मिली. आणि हे ३.८ बारला मिळायला हवं, ३ बारला मिळून उपयोग नाही.

मोजलेलं, ३० सेकंदांत:

३.० बारला ७२० मिली, करंट ५.२
३.४ बारला ५६० मिली, करंट ५.६
३.८ बारला ३७० मिली, करंट ६.०

३० सेकंदांत अर्धा लिटर आला की पंप ठीक, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. त्या नियमाने ३ बारला माझा पंप आरामात पास होतो. तरी ३.८ बारला तो तासाला ४४ लिटरच देतोय, गरजेच्या निम्मंसुद्धा धड नाही. साध्या गाडीचा नियम टर्बो गाडीला लावायचा नाही तो यासाठी. शिवाय तक्त्याप्रमाणे ३ बारला १०८० मिली यायला हवे होते, तिथेही तूट आहेच.

आता करंटकडे पाहा, कारण पुढची दिशा त्यातून मिळते. फिल्टर तुंबला असता तर पंपाच्या तोंडाशी रेलपेक्षा बरंच जास्त प्रेशर साचलं असतं आणि करंट तक्त्याच्या वर गेला असता. टाकीतली जाळी तुंबली असती तर पंप उपाशी राहिला असता, करंट कमी आणि डळमळता दिसला असता, आवाज कर्कश झाला असता. इथे करंट प्रेशरबरोबर सरळ रेषेत चढतोय, बारमागे एक अँपिअर, तक्त्याशी जुळणारा. मोटर तिचं काम करतेय.

मोटरची खात्री आणखी एका मार्गाने केली. ऑसिलोस्कोप आणि बारीक करंट मोजणारा क्लॅम्प उसना मिळाला. पडद्यावर कम्युटेटरचे (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांचे) उंचवटे दिसतात, या पंपात एका फेऱ्याला आठ. आठही सारख्या उंचीचे. एखादा गायब किंवा बुटका असता तर ती पट्टी किंवा ब्रश संपलेला. एका फेऱ्याचा वेळ १०.५ मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे ५७०० फेरे. निरोगी पंपाचा वेग.

वेग आहे, करंट आहे, व्होल्टेज आहे, पण पेट्रोल पोचत नाही. म्हणजे ते वाटेत सुटतंय. एक तर पंपाच्या आत झिजलेल्या फटीतून, नाही तर पंपाच्या तोंडापासून टाकीच्या झाकणापर्यंतच्या तुकड्यातून. या दोन्हींत करंट आणि वेग सारखेच दिसतात. बाहेरून आणखी कितीही मोजलं तरी फरक कळणार नाही. आता टाकी उघडायला कारण आहे.

फिल्टर तरीही बदलला, कारण जुना किती जुना आहे याची नोंद नव्हती. ३.८ बारला पुन्हा मोजलं, ३८० मिली. करंटने जे सांगितलं होतं तेच. जुना फिल्टर फेकला नाही.

१९ ऑक्टोबर

टाकीत पेट्रोल पाव भागापेक्षा कमी ठेवलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, सगळी दारं उघडी, सीट बाहेर. झाकणाच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रशने आणि फडक्याने काढली, नाही तर ती थेट टाकीत. लॉक रिंग पितळी सळईने हळू ठोकत फिरवली. इथे लोखंडी पेचकस आणि हातोडी वापरू नका, ठिणगीचं कारण पुरेसं आहे.

पंपाचं असेंब्ली वर घेतलं आणि उत्तर समोरच होतं. पंपाच्या तोंडापासून झाकणाच्या नळीपर्यंतचा बोटभर रबरी पाइप. बाहेरून फुगलेला, नखाने खरवडला तर काळा थर हाताला येतो. खालच्या क्लॅम्पच्या कडेपासून लांबीच्या दिशेने चीर गेलेली. दोन्ही टोकं धरून किंचित वाकवला की चीर तोंड उघडते, सोडला की मिटते. १ बारपर्यंत झपाट्याने आणि मग सावकाश उतरणारा काटा आठवला: प्रेशर कमी झालं की चीर मिटत होती. आणि ३ ते ३.८ बारमध्ये प्रवाह निम्मा का होत होता, त्याचंही उत्तर हेच.

पाइपवर छापलेलं वाचता येत होतं: एसएई जे३० आर७. इंजिन खोलीत कार्ब्युरेटरच्या गाड्यांना चालणारा हा पाइप. त्याचा आतला थर पेट्रोल सहन करतो, बाहेरचा थर ऊन आणि तेलाच्या शिंतोड्यांसाठी असतो, पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसतो. बाजारात फ्युएल इंजेक्शनचा म्हणून मिळणारा आर९ पाइपसुद्धा प्रेशर सहन करतो, पण टाकीत बुडवायचा नसतो. टाकीच्या आत फक्त आर१०. तो महाग असतो आणि बोटभरच लागतो. पंप बदलताना तिथेच हात आखडता घेतला जातो, मग पुढे नव्या पंपाला दोष मिळतो.

क्लॅम्पही चुकीचा होता. पट्टीत आरपार खाचा असलेला साधा स्क्रू क्लॅम्प रबर त्या खाचांमधून चिरतो. इथे आतून गुळगुळीत, गोल कडांचा फ्युएल इंजेक्शनचा क्लॅम्प हवा.

जुना फिल्टर कापून उघडला. कागदाच्या घड्यांत काळे रबरी कण. पंपापुढच्या गोष्टींतून एवढं रबर सुटू शकेल अशी दुसरी वस्तू या गाडीत नाही. फिल्टर आधीच कापला असता तर टाकी न उघडता ही खूण मिळाली असती. तुम्ही बदलाल तेव्हा आधी कापून पाहा, पेट्रोल पूर्ण निथळू देऊन, सुकवून, आणि हाताने. ग्राइंडर अजिबात नाही.

आर१० पाइप आणि क्लॅम्प मिळेपर्यंत टाकीचं तोंड बंद करून ठेवलं. तात्पुरता आर९ टाकून गाडी हलवण्याचा मोह होतो, पण पुन्हा सगळं उघडायचं असेल तर तो वेळ वाया.

२५ ऑक्टोबर

नवा पाइप, नवे क्लॅम्प, पंपाची जाळी नवी. झाकणाची रबरी रिंगही नवीच घेतली. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असते आणि खाचेत परत बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर एका जागी चिमटते आणि टाकी भरल्यावर सीटखाली वास येतो. झाकणावरच्या कनेक्टरच्या पिना थोड्या तपकिरी झाल्या होत्या. साफ केल्या, पिनांची पकड घट्ट आहे हे ओढून पाहिलं.

पंप तोच ठेवला.

इंजिन बंद ठेवून तीच चाचणी, तेच १३.४ व्होल्ट:

३.० बारला १०६० मिली, करंट ५.२
३.८ बारला ८८० मिली, करंट ६.०

गरज ८१० ची होती. ३ बारचा आकडा तक्त्याच्या १०८० च्या जवळ आहे, म्हणजे पंपाच्या आत फारशी झीज नाही. करंट दोन्ही वेळा तेवढाच, कारण मोटर आधीही तेवढंच पेट्रोल ढकलत होती. फक्त आता ते पोचतंय.

इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासाने काटा २.६ वर. ज्या चेक व्हॉल्व्हवर ठपका होता तो निर्दोष आहे.

२६ ऑक्टोबर

रस्त्यावर, गेज पुन्हा काचेबाहेर. बूस्ट ०.८, रेल ३.८, ५००० ला ३.८, रेडलाइनपर्यंत ३.८. लॅम्ब्डा ०.८२, ०.८३ वर एकदा, पुन्हा ०.८२. गाडी तापवून, टाकी पाव भागावर आणून परत केलं, कारण गरम पेट्रोल आणि कमी पातळी या दोन परिस्थितींत अर्धवट दुरुस्ती उघडी पडते. तेच आकडे. सकाळचा स्टार्ट पहिल्या फिरकीला.

खर्चाचं: लागलेल्या वस्तू म्हणजे रिले, टर्मिनल, बोटभर पाइप, क्लॅम्प, जाळी, रिंग, फिल्टर. सगळं मिळून चांगल्या पंपाच्या किमतीच्या बऱ्याच खाली. वेळ सर्वांत जास्त गेला तो विजेच्या ड्रॉपमध्ये आणि आर१० पाइप शोधण्यात. नवा पंप टाकून तोच पाइप पुन्हा चढवला असता तर दोष तसाच राहिला असता. पाइपही नवा पण आर७ टाकला असता तर गाडी काही महिने सुरेख चालली असती, आणि १.९ व्होल्टचा ड्रॉप तर त्याहीनंतर तिथेच असता.

उरलेलं काम: पॉझिटिव्ह बाजूला अजून ०.४ व्होल्ट जातायत, तिथे बॅटरीपासून जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज टाकून जुन्या वायरीला फक्त रिले चालू करण्यापुरतं ठेवायचं आहे. नव्या फिल्टरमध्ये जुन्या पाइपचे उरलेसुरले कण येतील, म्हणून तो ५००० किलोमीटरला काढून कापणार. टी-जोड काढला, लाइन मूळ स्थितीत, सगळे जोड प्रेशरखाली टॉर्च लावून तपासले, कुठेही ओल नाही.